वावरातून टॉवर लाइन जाणार आहे? खान्देशातल्या नवख्यांसाठी कायद्याची वाट

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचं सपाट खोरं. पूर्वेकडची वीज पश्चिमेला न्यायची असेल तर कोणताही इंजिनिअर बोट ठेवतो ते याच पट्ट्यावर. दीपनगरचं औष्णिक केंद्र, भुसावळजवळ खडक्याचं ४०० केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्टचं माप) उपकेंद्र, धुळ्याजवळचं ७६५ केव्ही उपकेंद्र आणि तिथून छत्रपती संभाजीनगर व वडोदऱ्याकडे गेलेल्या लाइनी, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, आणि आता माळरानांवर पसरत चाललेले सौर प्रकल्प. प्रत्येक नव्या प्रकल्पाला वीज बाहेर काढायला लाइन लागतेच.

ज्यांनी आपल्या वावरात सर्व्हेवाल्यांची खुंटी पहिल्यांदाच पाहिली, जे नव्याने सरपंच झालेत, किंवा जे पुण्यात शिकताहेत आणि ‘टॉवरवाले आले होते, काय करायचं’ असा घरून फोन आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लाइन कागदावर असते तोवर ती कुठून जावी यावर बोलता येतं. खड्ड्यात काँक्रीट पडलं की बोलणं उरतं ते फक्त पैशांचं. आपल्याकडे बहुतेक लोक जागे होतात ते काँक्रीट मिक्सर आल्यावर.

पायरी १: लाइन कोणाची आणि किती केव्हीची, हे आधी लिहून घ्या

‘हायटेन्शन’ या एका शब्दात सगळं येतं, पण कायदा व्होल्टेज पाहून बदलतो. ११ आणि ३३ केव्हीच्या लाइनी बहुतेक महावितरणच्या किंवा सौर प्रकल्पवाल्यांच्या. १३२, २२० आणि ४०० केव्हीच्या राज्यांतर्गत लाइनी महापारेषणच्या, किंवा बोलीने काम मिळालेल्या खासगी कंपनीच्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या लाइनी पॉवरग्रिड या केंद्राच्या कंपनीच्या किंवा पुन्हा खासगी कंपनीच्या. मोबदल्याची केंद्राची तत्त्वं ६६ केव्ही आणि त्यावरच्या टॉवर लाइनींनाच लागू होतात, म्हणून हा आकडा पहिल्या दिवशीच विचारायचा.

सर्व्हेला आलेला मुलगा बहुतेक ठेकेदाराच्या ठेकेदाराचा असतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. त्याच्याकडून चार गोष्टी घ्या: मूळ कंपनीचं नाव, लाइनचं पूर्ण नाव (कुठून कुठे), केव्ही, आणि आपल्या गटात येणाऱ्या टॉवरचा क्रमांक. तो नकाशा दाखवत असेल तर मोबाइलवर फोटो काढा. जवळून जाणारी जुनी लाइन किती केव्हीची हे ओळखायचं असेल तर टॉवरवरची धोक्याची पाटी बघा. पाटी गेलेली असेल तर तार लटकवणाऱ्या माळेतल्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्या मोजा: १३२ ला साधारण नऊ-दहा, २२० ला तेरा-चौदा, ४०० ला तेवीसच्या आसपास.

पायरी २: जमीन नावावर राहते, मग नेमकं जातं काय?

धरण किंवा महामार्गासाठी भूसंपादन होतं, सातबारा बदलतो. टॉवर लाइनसाठी तसं होत नाही. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६८ नुसार उघड्या तारांच्या लाइनला सरकारची पूर्वमंजुरी लागते. कलम १६४ नुसार सरकार कंपनीला तार खात्याचे अधिकार देऊ शकतं. हे अधिकार येतात १८८५ च्या भारतीय तार कायद्यातून, म्हणजे इंग्रजांनी तारायंत्राचे खांब रोवायला केलेल्या कायद्यातून. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदा रद्द केला, पण पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या) लाइनींपुरता त्याचा तिसरा भाग मुद्दाम जिवंत ठेवला.

त्या भागातलं कलम १० नीट समजून घ्या. कंपनीला तुमच्या जमिनीवर फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकी नाही. नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची, हे तिच्यावर बंधन आहे. अडवणूक झाली तर कलम १६ खाली ती जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि काम करू देण्याचा आदेश आणते. त्या आदेशानंतरही अडवलं तर तो गुन्हा ठरतो.

आता सगळ्यांना खटकणारा प्रश्न: माझी संमती नको का? ‘वर्क्स ऑफ लायसेन्सीज’ नियम, २००६ मध्ये मालकाची संमती आणि ती नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी अशी तरतूद आहे. पण ज्या कंपनीकडे कलम १६४ चे अधिकार आहेत तिला पूर्वसंमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या डिसेंबर २०१६ च्या निकालात सांगितलं. म्हणून पहिल्याच पत्रात कंपनीकडे दोन कागद मागा: कलम ६८ ची मंजुरी आणि कलम १६४ चा आदेश. १६४ चा आदेश निघालेला नसेल तर संमतीचा मुद्दा जिवंत आहे आणि तुमची बाजू बरीच भक्कम आहे. ‘आम्ही सरकारी काम करतोय’ हे तोंडी उत्तर कागद धरायचं नाही.

पायरी ३: ‘पर्यावरणाची जनसुनावणी कधी?’

हा प्रश्न जवळपास प्रत्येक ग्रामसभेत निघतो, आणि उत्तर ऐकून लोक चक्रावतात. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पारेषण लाइन नाहीच. औष्णिक केंद्राला पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी लागते. त्यातून निघणाऱ्या शेकडो किलोमीटरच्या लाइनला लागत नाही. माझ्या मते ही त्या अधिसूचनेतली मोठी फट आहे, पण आज कायदा असा आहे, आणि नसलेल्या जनसुनावणीची वाट बघण्यात गावाचे महिने जातात.

पर्यावरणाचा कायदा इथे दुसऱ्या दारांनी येतो: वन, वन्यजीव, वनहक्क, झाडं. यातलं सर्वांत रुंद दार वनाचं, आणि त्याचा एक उलटा परिणाम खान्देशातल्या शेतकऱ्याला भोगावा लागतो. वनजमीन लागली की केंद्राची मंजुरी, वनीकरणाचा खर्च, जंगलाच्या निव्वळ वर्तमान मूल्याची (गमावलेल्या जंगलाची ठरवलेली किंमत) रक्कम आणि हातातून जाणारा वेळ. हे टाळायला आखणी करणारा माणूस रेषा डोंगराच्या पायथ्यावरून खाली सरकवतो, आणि खाली असतात चोपडा, यावल, रावेरच्या केळीच्या बागा. जंगल वाचलं हे चांगलंच झालं. पण कायदा एका बाजूला उंच भिंत घालतो आणि दुसऱ्या बाजूला साधा बांधही नाही, म्हणून लाइन शेताकडे कलते, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ४: वन मंजुरीचा प्रस्ताव वाचायला शिका

१९८० चा वन संवर्धन कायदा २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ या नावाने चालतो. लाइनचा थोडासा भाग वनजमिनीतून जात असला तरी कंपनीला केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर अर्ज टाकावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. राज्य, जिल्हा आणि कंपनीचं नाव टाकून शोधा. त्यात नकाशा असतो, किती हेक्टर वन आणि किती झाडं जाणार हे असतं, आणि पर्यायी मार्गांची तुलना असते. आपल्याला हवी ती ही तुलना. एकच मार्ग आधी ठरवून बाकीचे नावापुरते रेखाटलेत का, हे बहुतेक वेळा बघताक्षणी कळतं: ‘पर्याय दोन’ मुद्दाम गावठाणावरून नेलेला असतो, नाहीतर उगीच लांबवलेला.

मंजुरी दोन टप्प्यांत होते: आधी तत्त्वतः, अटींसह, अटी पुऱ्या झाल्यावर अंतिम. लेखी हरकत द्यायची ती पहिल्या टप्प्याआधी, उपवनसंरक्षकांकडे. जळगाव आणि यावल हे वेगळे वनविभाग आहेत, तळोद्याकडे मेवासी वनविभाग. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो, तेव्हा आधी आपलं वनक्षेत्र कोणत्या विभागात येतं ते वनरक्षकाला विचारा.

अभयारण्य लागत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ही आणखी एक पायरी. आपल्याकडे यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावच्या पाटणादेवीकडचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, आणि मुक्ताईनगर तालुक्यातलं मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव आहे, जिथल्या वढोदा जंगलात वाघ आहेत. अभयारण्याच्या आतून लाइन न्यायची तर प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळ आणि पुढे राष्ट्रीय मंडळापर्यंत जातो. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचना वेगळ्या असतात. त्यांत विजेच्या तारा टाकणं साधारणपणे ‘नियंत्रित’ प्रकारात येतं आणि भूमिगत केबलला प्राधान्य द्या, असं म्हटलेलं असतं. आपल्या गावाचं नाव त्या अधिसूचनेच्या परिशिष्टात आहे का, हे पाहायला दहा मिनिटं लागतात.

रानपिंगळ्याचा उल्लेखही इथे करायला हवा. शंभरहून जास्त वर्षं कोणालाच न दिसलेलं हे घुबड नोव्हेंबर १९९७ मध्ये पुन्हा सापडलं ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. आपला मार्ग अशा रानातून जात असेल तर हरकतीत नुसतं ‘पक्ष्यांना त्रास’ लिहू नका. पक्ष्याचं नाव, तो कुठे दिसला, शक्य असेल तर तारीख आणि फोटो द्या. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा फिरत्या चकत्या लावण्याची अट अशा नेमक्या नोंदीमुळे मंजुरीत येऊ शकते. राजस्थान-गुजरातच्या माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं, आणि मार्च २०२४ मध्ये तोच आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. तेव्हा ‘सगळी लाइन भूमिगत करा’ ही मागणी ४०० केव्हीला टिकणं अवघड आहे. नेमक्या तुकड्यापुरती मागणी जास्त पुढे जाते.

पायरी ५: अनुसूचित क्षेत्र आणि वनपट्टे

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके, शहादा-नंदुरबारची आणि साक्री-शिरपूरची बरीच गावं, आणि जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेरच्या डोंगराकडची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू होतात.

वनहक्क कायदा, २००६ बद्दल दोन गैरसमज ऐकू येतात. पहिला: ‘ग्रामसभेच्या ठरावाशिवाय काहीच होऊ शकत नाही.’ केंद्राच्या ५ फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकाने रस्ते, कालवे, पारेषण लाइन अशा लांबट प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. अपवाद फक्त आदिम जमातींच्या हक्कांना बाधा येत असेल तिथे. दुसरा गैरसमज नेमका उलटा: ‘मग ग्रामसभेला विचारतंय कोण?’ सूट संमतीपुरती आहे. हक्कांची मान्यता पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरच्या कोणाला हटवता येत नाही हे कलम ४(५) आहे, आणि जंगल-जैवविविधता जपण्याचा ग्रामसभेचा अधिकार कलम ५ मध्ये आहे. हे तसेच कायम आहेत.

म्हणून ठराव कराच, पण नेमका करा. कोणाचे वैयक्तिक दावे प्रलंबित, सामूहिक हक्क कोणत्या कंपार्टमेंटवर (वनविभागाच्या नकाशातला क्रमांकाचा तुकडा), लाइन कुठून, किती मोहाची आणि अंजनाची झाडं मध्ये येतात, असं सगळं नावानिशी. प्रत जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना. आणि लक्षात असू द्या, सरपंचाच्या सहीचा ‘नाहरकत दाखला’ म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. कंपनीची माणसं पहिला मागतात कारण तो एका चहात मिळतो.

पायरी ६: जाहिरात, हरकत आणि खुंटी

कलम १६४ चे अधिकार मागण्याआधी लाइनच्या मार्गातल्या गावांची यादी असलेली जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि राजपत्रात येते. हरकतींसाठी साधारण दोन महिने दिलेले असतात. सूचनेत छापलेली मुदत हीच खरी. ही सूचना आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि गावात कोणी वाचत नाही. ग्रामपंचायतीत एकाला हे काम नेमून द्या, बस.

हरकत लिहिताना आखणीचं एक साधं गणित माहीत असावं. लाइन सरळ जाते तिथले टॉवर हलके असतात. वळण आलं की जड टॉवर लागतो. पंधरा अंशांपर्यंतच्या वळणाला एक प्रकार, तीसपर्यंत त्याहून जड, साठपर्यंत आणखी जड. म्हणजे रेषा बाजूला ढकला म्हटलं की कंपनीला पोलाद, पाया, नवा सर्व्हे हे सगळं दिसतं आणि उत्तर ‘नाही’ येतं. पण त्याच सरळ रेषेत टॉवर वीस-तीस मीटर पुढे-मागे करणं त्या मानाने फार सोपं. दोन टॉवरमधलं अंतर ४०० केव्हीला साधारण चारशे मीटर असतं आणि त्यात थोडी लवचिकता असते.

म्हणून खुंटी ठोकली गेली की त्याच आठवड्यात लेखी मागा: टॉवर बागेच्या मधोमध नको, बांधावर घ्या, विहिरीपासून, बोअरपासून, ठिबकच्या मुख्य पाइपापासून दूर घ्या. सोबत गट नकाशावर आपली विहीर, घर, बांध, झाडं दाखवून द्या. शेजारच्या गटवाल्यालाही बरोबर घ्या, कारण तुमचा टॉवर सरकला की तो त्याच्या बांधावर येतो. दोघांच्या सह्या असतील तर इंजिनिअरचं काम सोपं होतं आणि भाऊबंदकीही टळते. आणि घर, शाळा, पाडा थेट तारांखाली येत असेल तर मात्र ‘टॉवर सरकवा’वर थांबू नका, तिथे रेषाच बदलायला सांगायची.

पायरी ७: पंचनामा

पैसे मिळतात ते पंचनाम्यात असेल त्याचे. काम तीन टप्प्यांत येतं: पाया, टॉवर उभारणी, तार ओढणे. तिन्ही वेळा पिकाचं वेगळं नुकसान होतं, आणि तिन्ही वेळा वेगळा पंचनामा व्हायला हवा. पायाच्या वेळी सही घेतली आणि ‘तार ओढतानाचं त्यातच आलं’ असं सांगितलं, तर तिथेच नकार द्या.

केळीचं उदाहरण घ्या. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. ४०० केव्हीच्या तारांखालचा पट्टा ४६ मीटर रुंद धरला आणि शंभर मीटर बाग त्याखाली आली, तर ४६ आर, म्हणजे दोन हजारांवर झाडं झाली. पंचनाम्यात ‘केळी, ४६ आर’ एवढंच लिहिलं तर सरासरी दर लागतो. मृगबाग की कांदेबाग, रोपं टिश्यू कल्चरची की कंदाची, किती झाडं निसवलेली, किती घड कापणीला आलेले, ठिबकच्या नळ्या किती मीटर तुटल्या, हे लिहून घ्या. ई-पीक पाहणीत त्या हंगामाची नोंद नसेल तर आधी ती करा, नाहीतर पुढे वाद होतो की पीक होतंच कशावरून.

झाडांचं मूल्यांकन वेगवेगळ्या खात्यांकडून होतं: फळझाडांचं कृषी-फलोत्पादनाकडून, लाकडाच्या झाडांचं वनविभागाकडून. खासगी शेतातला साग, मोह, आंबा, चिंच, खैर, अंजन ही झाडं तोडायलाही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते. ती परवानगी काढायची जबाबदारी कंपनीची, आणि तोडलेलं लाकूड कोणाचं हे लिहून घ्यायला विसरू नका.

एक गोष्ट पंचनाम्यात सहसा येत नाही. पायाचा खड्डा घेताना खालचा मुरूम वर येतो आणि काळ्या मातीवर पसरतो. खड्ड्याची वरची काळी माती वेगळी ठेवायची आणि शेवटी तीच वर टाकायची, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. पाऊस पडल्यावर काळ्या वावरात क्रेन घातली तर ती जागा पुढचे दोन हंगाम दगडासारखी राहते. तेव्हा जून ते सप्टेंबर जड यंत्रं नकोत, हेही मागा.

पायरी ८: मोबदल्याचा हिशेब स्वतः मांडा

ऊर्जा मंत्रालयाच्या १५ ऑक्टोबर २०१५ च्या तत्त्वांत टॉवरच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के असा दर होता. १४ जून २०२४ ला तो वाढवून टॉवरसाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के केला. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधलं क्षेत्र, अधिक प्रत्येक बाजूला एक मीटर. मार्च २०२५ मध्ये शहरी भागासाठी पट्ट्याचे वाढीव दर आणि बाजारभाव ठरवायची पद्धत आली. पण ही तत्त्वं राज्याने स्वीकारायची असतात. महाराष्ट्राचे स्वतःचे शासन निर्णय आहेत, २०१७ चा त्यातलाच एक. म्हणून प्रांत कार्यालयात विचारायचं ते असं: ‘या लाइनला ऊर्जा विभागाचा कोणत्या तारखेचा शासन निर्णय लावताय? प्रत द्या.’

पट्ट्याची रुंदी ठरलेली आहे: १३२ केव्हीला २७ मीटर, २२० ला ३५, ४०० ला ४६, ७६५ दुहेरी लाइनला ६७. आता समजा जमिनीचा दर चौरस मीटरला १०० रुपये धरला, टॉवरचे पाय १४ मीटरवर आहेत आणि ४०० केव्हीचा पट्टा तुमच्या गटातून १२० मीटर जातो. टॉवरची जागा १६ × १६ = २५६ चौ.मी.; २०० टक्क्यांनी ५१,२०० रुपये. पट्टा ४६ × १२० = ५,५२० चौ.मी., त्यातून टॉवरची जागा वजा केली की ५,२६४. ३० टक्क्यांनी १,५७,९२० रुपये. एकूण २,०९,१२०. हाच हिशेब २०१५ च्या दराने एक लाखाच्या थोडा वर जातो. म्हणजे कोणता निर्णय लावला यावर निम्मे पैसे अवलंबून. आणि बघा, मोठी रक्कम पट्ट्याची आहे. ज्याच्या गटात टॉवर नाही, नुसत्या तारा जातात, तो ‘आपलं काय’ म्हणून गप्प बसतो आणि तिथेच फसतो.

पीक आणि झाडांची भरपाई याहून वेगळी, ती यात मिसळू देऊ नका. वनपट्टाधारकांनी (वनहक्क कायद्याने जमीन मिळालेल्यांनी) वनपट्ट्याचा क्रमांक घालून पीक आणि झाडांचा दावा लेखी द्यावाच. सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव असेल तर वारस नोंद आजच लावा. पैसे अडकण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण तेच.

पायरी ९: कुठल्या प्रश्नाला कोणतं दार

मोबदला कमी वाटला तर तार कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारलाच. पैसे कोणाला द्यायचे यावर घरात वाद असेल तर १६(४), तेही तिथेच. लाइनमुळे जमिनीची किंमत उतरली याचाही विचार व्हायला हवा, आणि तो जमीन कुठे आहे, तारा कुठून जातात हे पाहून, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केरळ वीज मंडळ विरुद्ध लिविशा प्रकरणात सांगितलंय. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत असावा. रस्त्यालगतच्या, बिगरशेती होऊ शकणाऱ्या जमिनीला याचा जास्त उपयोग.

वन मंजुरीला आव्हान द्यायचं तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपल्यासाठी पुण्याचं पश्चिम विभागीय पीठ. अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. ही मुदत फार लवकर सरते. न्यायाधिकरणाच्या यादीत वन संवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता हे कायदे आहेत. वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदा नाहीत. ते प्रश्न, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कलम १६(१) च्या आदेशाला आव्हान, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. आपले तिन्ही जिल्हे तिथेच येतात.

त्याआधी माहिती अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. मंजूर मार्गाचा नकाशा, कलम ६८ व १६४ चे आदेश, आपल्या गटाचा पंचनामा आणि दरपत्रक मागा. खासगी कंपनी माहिती देत नसेल तर तीच कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ऊर्जा विभागात पडलेली असतात, तिथे मागा.

पायरी १०: लाइन चालू झाल्यावर

तारांखाली शेती करता येते. घर, गोठा, उंच वाढणारी झाडं नाहीत. जमिनीपासून तारेची किमान उंची १३२ केव्हीला ६.१ मीटर, २२० ला ७, ४०० ला ८.८. ही उंची तार जास्तीत जास्त झोळलेली असताना भरायला हवी. आणि ती सर्वांत जास्त झोळते दोन टॉवरच्या मध्यावर, मे महिन्यात, दुपारी, लाइनवर भार असताना. भुसावळ-जळगावचं ऊन पाहता डिसेंबरात मोजलेल्या उंचीवर भरवसा ठेवू नका. शंका आली तर उन्हाळ्यात कंपनीला लेखी कळवून मोजायला लावा; स्वतः काठी, पाइप घेऊन मोजायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. बोअरची गाडी, केळीचे ट्रक, मळणीयंत्र, ठिबकचे लांब पाइप उभे धरणं, हे सगळं तारांखाली टाळा. उसाचं पाचट तिथे जाळू नका.

तारांखालच्या कुंपणाला किंवा पत्र्याच्या शेडला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ती प्रवर्तनाने, म्हणजे तारेला न टेकताच जवळच्या धातूत आलेली वीज. कुंपणाला आणि शेडला जमिनीत अर्थिंग करून द्या असं कंपनीला लिहा.

आरोग्याबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये वीजतारांभोवतीच्या अशा चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. पुरावा मर्यादित आहे म्हणूनच तो गट. सार्वजनिक जागेसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं माप) आहे. घर पट्ट्याच्या कडेला असेल तर कंपनीकडून मोजणीचा लेखी अहवाल मागता येतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारी, तारांखाली ट्यूबलाइट पेटल्याची चित्रफीत हा पुरावा नाही.

पुढे कधी त्याच जागेवर बांधकाम करायचं ठरलं तर तार कायद्याच्या कलम १७ खाली लाइन हलवण्याची मागणी करता येते. वाद झाला तर तो जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्जासोबत जोडायला मूळ पंचनामा, मोबदल्याची पावती आणि टॉवरचा क्रमांक लागतो, म्हणून ही फाइल सातबाऱ्याच्या शेजारीच ठेवा.